साधा मजकूर हवा, पण लिंकसकट

नागपूर जिल्ह्यातल्या संत्रा बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखादा मेसेज येतो: ‘डिंक्या रोगासाठी बोर्डो पेस्ट कशी करायची, ते इथे वाचा.’ वाचणारा ‘इथे’वर बोट टेकवतो आणि काहीच उघडत नाही. ऐन आंबिया बहाराच्या दिवसांत चुन्याचं आणि मोरचुदाचं प्रमाण हवं असतं, आणि नेमकं तेच वाटेत गळालेलं असतं.

वेबपान एचटीएमएल या खुणांच्या भाषेत लिहिलेलं असतं. आपल्याला निळा शब्द दिसतो. त्याचा पत्ता ‘एचरेफ’ नावाच्या खुणेत, पडद्यामागे असतो. कॉपी केलं की ब्राउझर सहसा क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवायच्या जागेत, त्याच मजकुराची दोन रूपं ठेवतो: एक एचटीएमएल, दुसरं निव्वळ अक्षरं. कुठलं उचलायचं हे पेस्ट करून घेणारं अ‍ॅप ठरवतं. वर्ड पहिलं घेतं, म्हणून लिंक टिकते. नोटपॅड दुसरं घेतं. म्हणजे पत्ता क्लिपबोर्डवर आलेला असतो, पण तो कोणी वाचतच नाही.

म्हणून रूपांतर करायचं ते एचटीएमएलवरून. पॅनडॉकसारखा मोफत प्रोग्राम रंग आणि अक्षरांचे आकार टाकून देतो, पण मार्कडाउनमध्ये रूपांतर करायला सांगितलं, तर लिंकची खूण भेटली की पत्ता बाहेर काढून लिहितो. मार्कडाउन या साध्या अक्षरांतच खुणा घालून लिहायच्या २००४ सालच्या पद्धतीत शब्द चौकटी कंसात आणि त्याला लागून पत्ता गोल कंसात येतो. १९९२ पासूनचा लिंक्स (Lynx) हा अक्षरी ब्राउझर शब्दाजवळ क्रमांक घालतो आणि सगळे पत्ते तळाशी ओळीने देतो. छापून वाटायच्या कागदाला मला हीच रीत बरी वाटते, वाचताना अडखळायला होत नाही.

एक अडचण हमखास येते. पानातले काही पत्ते अर्धेच असतात, नुसत्या तिरप्या रेघेने सुरू होणारे. त्यांना मूळ संकेतस्थळाचं नाव जोडलं नाही, तर ते बाहेर कुठेच चालत नाहीत.

देवनागरी पत्त्यांची गंमत वेगळीच. अक्षरं संगणकात साठवायच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत आपलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं (बाइट म्हणजे साठवणीचं एकक), आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह धरून ३ अक्षरांनी लिहितात. ‘नागपूर’मध्ये काना आणि ऊकार धरून ६ चिन्हं, म्हणजे पत्त्यात ५४ अक्षरं! ती लांबलचक माळ बिघडलेली नसते. मधूनच तोडली, तर मात्र लिंक मेलीच.

मोबाइलवर असा प्रोग्राम नसेल, तर लिंकवर बोट दाबून धरा, पत्ता वेगळा कॉपी करा आणि ‘इथे वाचा’च्या पुढेच पेस्ट करा.