प्रसाद, एल. व्ही.
(१७ जानेवारी १९०८–२२ जून १९९४). तेलुगू चित्रपटांतील नट आणि पुढे तेलुगू, तमिळ व हिंदी चित्रपटांचे दिग्दर्शक-निर्माते. पूर्ण नाव अक्किनेनी लक्ष्मी वर प्रसाद राव. जन्म आंध्रातील एलुरूजवळच्या सोमवरप्पाडू या खेड्यात. नटव्यवसायाच्या ओढीने ते मुंबईत आले आणि पडेल ते काम करीत चित्रसंस्थांमध्ये वावरू लागले.

‘आलम आरा’ (हिंदी), ‘कालिदास’ (तमिळ) व ‘भक्त प्रह्लाद’ (तेलुगू) या तीन भाषांतल्या पहिल्या बोलपटांत त्यांनी लहानसहान कामे केली. ‘भक्त प्रह्लाद’मध्ये ते पाठशाळेतील मठ्ठ विद्यार्थी झाले होते. तिन्ही चित्रपट १९३१ चे, असे सरसकट लिहिले जाते, ते तपासून घ्यायला हवे. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी आणि ‘कालिदास’ त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला प्रदर्शित झाला. ‘भक्त प्रह्लाद’ची रूढ तारीख १५ सप्टेंबर १९३१ आहे, परंतु पत्रकार रेंटाल जयदेव यांच्या शोधानुसार त्याला सेन्सॉरचे प्रमाणपत्र २२ जानेवारी १९३२ रोजी मिळाले व तो ६ फेब्रुवारीला मुंबईच्या कृष्णा सिनेमात लागला. प्रमाणपत्राची तारीख पाहता हेच मत अधिक ग्राह्य वाटते. तसे मानल्यास ‘कालिदास’ आधीचा ठरतो; आणि त्यात तेलुगू संवादही असल्याने पडद्यावरील पहिल्या तेलुगूचा मान कोणाचा, हा प्रश्न उरतोच. दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक एच. एम. रेड्डी.

‘गृहप्रवेशम्’मध्ये (१९४६) प्रसाद नायकही होते आणि दिग्दर्शकही. पुढे दिग्दर्शनच मुख्य झाले. ‘मन देशम्’मध्ये (१९४९) त्यांनी एन. टी. रामाराव यांना पोलीस अधिकाऱ्याची छोटी भूमिका देऊन पडद्यावर आणले. लाठीमाराच्या प्रसंगात हा नवा नट इतका रंगला, की जमावातल्या लोकांना खरेच फटके बसले, असे सांगतात. ‘शावुकारु’ व ‘संसारम्’ (दोन्ही १९५०), ‘पेळ्ळि चेसि चूडु’ (१९५२) आणि ‘मिस्सम्मा’ (१९५५) हे त्यांचे गाजलेले कौटुंबिक चित्रपट. ‘मिस्सम्मा’ तमिळमध्येही त्यांनीच केला आणि १९५७ मध्ये ‘मिस मेरी’ या नावाने हिंदीत आणला. ‘शारदा’ (१९५७) व ‘छोटी बहन’ (१९५९) हे हिंदी चित्रपट मराठी वाचकांच्या परिचयाचे आहेतच.

मद्रासमध्ये त्यांनी प्रसाद स्टुडिओ उभारला. ‘एक दूजे के लिये’चे (१९८१) ते निर्माते, त्याच वर्षी तमिळ ‘राज पार्वै’मध्ये ते आजोबांच्या भूमिकेत पुन्हा पडद्यावर दिसले. १९८२ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.