‘हांगा दुखता’ : आतून केलेल्या सोनोग्राफीत वेदनेचं काम

गोव्यात पेडण्याहून सकाळची कदंबा बस धरून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात सोनोग्राफीला निघालेली बाई बहुधा लघवी दाबूनच बसलेली असते. पोटावरून तपासायचं तर ते लागतंच. भरलेलं मूत्राशय आतड्यांना बाजूला सारतं, आणि त्यातून ध्वनिलहरी सहज पार होत असल्यानं मागचं गर्भाशय दिसतं. पण योनीमार्गातून तपासायचं असेल तर मूत्राशय रिकामं हवं. नाहीतर प्रोबच्या, म्हणजे ध्वनिलहरी सोडणाऱ्या दांडीच्या, दाबानं कळ येते आणि चित्रही नीट मिळत नाही. चिठ्ठी देतानाच एवढं सांगायला हवं.

आतूनच का तपासायचं? लहरींची वारंवारता वाढली की तपशील बारीक दिसतो, पण लहर लवकर विरते. पोटावरचा प्रोब साधारण ३.५ मेगाहर्ट्‌झचा, आतला ५ ते ९चा. ७ मेगाहर्ट्‌झला शरीरातली तरंगलांबी जेमतेम ०.२ मिलिमीटर असते. इतकी बारीक लहर गर्भाशयाच्या जवळ जाऊनच सोडावी लागते.

आता दुखण्याचं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. भीती वाटली की ती आपोआप आवळते, डोळ्याजवळ बोट आलं की पापणी मिटते तशी. म्हणून ‘अंग सैल सोड गो’ असं नुसतं म्हणून भागत नाही. प्रोब आधी दाखवावा, तो साधारण अंगठ्याएवढा जाड असतो. कमरेखाली उशी द्यावी, जेल भरपूर आणि कोमट असावं. दाब मागच्या बाजूला द्यावा, कारण पुढे मूत्रमार्ग आणि हाड असतं. पाळी गेलेल्या बायकांची योनी कोरडी आणि नाजूक झालेली असते, तिथे आणखी सावकाश. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की बाईची इच्छा असेल तर प्रोब तिलाच आत सरकवू द्यावा. कधी थांबायचं हे तिच्या हातात आलं की झोळी सैल पडायला मदत होते.

आतून तपासायचं की नाही हे ठरवायला आपल्याकडे ‘लग्न झालंय?’ असं रांगेत मोठ्यानं विचारतात. विचारायचं ते ‘आतून तपासलेलं चालेल का?’ असं, आणि दार लावून. ती नाही म्हणाली तर पोटावरून तपासणी करता येते.

माझ्या मावसबहिणीला पाळीत असह्य दुखायचं. पहिल्या तपासणीत ती पदर दातांत धरून गप्प पडून राहिली. रिपोर्ट नॉर्मल आला. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर रुजते आणि अवयव एकमेकांना चिकटू शकतात. अशा वेळी नेमकं कुठे दुखतं हीच डॉक्टरांची खूण असते. दुसऱ्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं, ‘दुखलं तर लगेच सांग, मी थांबेन.’ प्रोब मागच्या बाजूला टेकला तशी ती कोकणीत म्हणाली, ‘हांगा दुखता’, म्हणजे इथे दुखतं. हात थांबला. मग तिला विचारून, अगदी हलक्या दाबानं त्यांनी तीच जागा पुन्हा पाहिली. एरवी गर्भाशय आणि गुदाशय एकमेकांवरून अलगद सरकतात. तिचे सरकत नव्हते.