काठाच्या पानाची होस्टा: पार्श्वभूमी

बेळगावच्या कॅम्प भागातील जुन्या आवारांत आंब्या-फणसाच्या दाट सावलीखाली काय लावावे, असा प्रश्न पडला की परदेशी बागांच्या छायाचित्रांतली, शहापुरी साडीला काठ असावा तशी पांढरी कड मिरवणारी होस्टा हमखास मोहात पाडते.

ही वनस्पती मूळची चीन, कोरिया आणि मुख्यतः जपानमधली. तिथे तिला ‘गिबोशी’ म्हणतात, कारण तिची मिटलेली कळी पुलाच्या कठड्यावरील कांद्याच्या आकाराच्या कळसासारखी दिसते. तिचे कोवळे कोंब जपानी लोक भाजी म्हणून खातात. आपल्याकडे सह्याद्रीच्या रानात पहिल्या पावसानंतर उगवणारी फोडशी आजच्या वर्गीकरणानुसार तिच्याच कुळातली, त्यामुळे हे नाते अगदीच लांबचे नाही.

१८१२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ट्राटिनिक यांनी ऑस्ट्रियन वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ होस्ट यांच्यावरून तिला हे नाव दिले. १८१७ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ श्प्रेंगल यांनी ‘फुंकिया’ हे दुसरे नाव सुचवले आणि युरोपातील माळ्यांच्या तोंडी ते दीर्घकाळ राहिले. जपानमधील तिचे अनेक प्रकार युरोपात नेले ते जपानमध्ये राहिलेले जर्मन वैद्य झीबोल्ड यांनी, १८२९ नंतर.

काठाच्या पानाचा इतिहास मात्र बहुतांशी अपघातांचा आहे. कोंबाच्या टोकाशी पेशींचे थर असतात. त्यातल्या एका थराची हरितद्रव्य तयार करण्याची क्षमता गेली की पानाला पांढरी किंवा पिवळी कड येते. असे पान बियांतून जसेच्या तसे सहसा उतरत नाही, म्हणून गड्डा फोडूनच ते राखावे लागते. १९३६ मध्ये अमेरिकन बागप्रेमी फ्रान्सिस विल्यम्स यांना अमेरिकेतील कनेक्टिकटमधील एका रोपवाटिकेत निळसर पानांच्या रोपांमध्ये पिवळ्या कडेचे एक रोप दिसले, आणि पुढे त्यांच्याच नावाने ती जात जगभर गेली.

बेळगावात अडचण सावलीची नाही, थंडी कमी पडण्याची आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीमुळे इथली हवा सौम्य असली, तरी हिवाळी रात्रींचे तापमान साधारण १३-१४ अंशांवर थांबते, तर होस्टाला विसाव्यासाठी, म्हणजे वाढ थांबवून सुप्त राहण्यासाठी, कित्येक आठवडे ५ अंशांच्या आसपासचा गारठा लागतो. तो न मिळाल्यास गड्डा वर्षागणिक क्षीण होतो; त्यात खानापूरकडच्या पावसाने जमीन चिंब राहिली की तो कुजतोही. कॅलेडियम या रंगीत पानांच्या शोभेच्या झाडाचा कंदही विसावतो, पण गारठ्याने नव्हे, तर पाणी तोडल्यावर. इथल्या ऋतुचक्राशी ते जुळते, म्हणून रंगीत पानांची हौस आंब्याखाली कॅलेडियमच अधिक भरवशाने भागवतो.