परिपाठ (प्राथमिक शाळा)

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत दिवसाचे पहिले अध्यापन सुरू होण्याआधी सर्व इयत्तांची मुले एकत्र बसून जो नित्याचा उपक्रम करतात, त्याला परिपाठ म्हणतात. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, समूहगीत आणि मौन हे त्याचे नेहमीचे घटक असून क्रम शाळेगणिक बदलतो. प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली. राज्यगीताची भर २०२३ नंतर पडली. प्रार्थना मात्र शाळेच्या आवडीची असते. कुठे साने गुरुजींची, कुठे पसायदान.

राज्याच्या मूल्यशिक्षणात वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता आणि स्त्री-पुरुष समानता अशी दहा मूल्ये सांगितली आहेत. परिपाठात त्यांचा उच्चार होतो. ती अंगी बाणतात की नाही, हे शाळेच्या उरलेल्या दिवसावर ठरते.

सूत्रसंचालन कोणाकडे जाते, यावरून शाळेची रीत लगेच कळते. अनेक शाळांत ते सातवीतल्या दोन-तीन हुशार मुलांकडेच राहते. हजेरी क्रमांकाने पाळी लावणाऱ्या शाळेत दुसरीतली मुलगीही वही घेऊन पुढे येते, जोडाक्षरापाशी अडते, आणि सारी शाळा ती सुविचार पुरा करेपर्यंत थांबते. संवेदनशीलतेवरच्या कुठल्याही बोधकथेपेक्षा हे थांबणे जास्त शिकवते. उशिरा आलेल्यांना सर्वांसमोर वेगळे उभे केले, तर वक्तशीरपणाबरोबर अपमानाचाही धडा जातो. सकाळी गुरे सोडून किंवा धाकट्या भावंडाला सांभाळून येणाऱ्या मुलांच्या वाट्याला तो अधिक येतो.

तेच झाडलोटीचे. समानतेचा सुविचार फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेला असतो आणि झाडू मुलींच्या हाती, घंटा मुलांच्या हाती. शालेय मंत्रिमंडळातला स्वच्छतामंत्री मुलगा असला आणि तो स्वतः व्हरांडा झाडत असला, की श्रमप्रतिष्ठा वेगळी समजावावी लागत नाही. दुपारी पोषण आहाराच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसते, वाढायला कोण उभे राहते, जातीपातीची अंतरे तिथे गळतात की टिकतात, याकडे गुरुजी-बाईंचे लक्ष असावे लागते. शिक्षक स्वतः त्याच पंगतीत जेवायला बसले, तर मुलांना सांगायला फारसे काही उरत नाही.

शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांत सुरू केलेल्या ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रमाचा भर याच जागेवर होता: उपदेशाऐवजी जोडीत व गटात चर्चा, आणि मुलांनी मिळून ठरवलेले वर्गाचे नियम.

द्विशिक्षकी शाळेत परिपाठाची तयारी बरीचशी मुलेच करतात. शहरांत पटांगण नसलेल्या, दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांमध्ये तो ध्वनिक्षेपकावरून वर्गावर्गांत ऐकवला जातो. तिथे बोलण्याची पाळी मोजक्याच मुलांना मिळते.