जॉन फेही यांचा दोन सीडींचा संग्रह : ऐकताना आणि वाजवताना

सोबतच्या पाकिटात अमेरिकी गिटारवादक जॉन फेही यांचा ‘रिटर्न ऑफ द रिप्रेस्ड’ हा ऱ्हायनो या रेकॉर्ड कंपनीने १९९४ साली काढलेला संग्रह आहे. जवळपास सगळं वादन स्टीलच्या तारांच्या एकट्या गिटारवरचं. गायन अपेक्षू नये. फेही २००१ साली गेले. १९९७ नंतरचं त्यांचं इलेक्ट्रिक गिटारचं, गोंगाटाच्या अंगाने जाणारं काम यात अर्थातच नाही. ते हवं असेल तर वेगळं मागवावं लागेल, पण सुरुवात त्याने करू नका.

‘हीच धून मी ऐकलीय, पण ती अशी नव्हती’ असं बरेच जण सांगतात. त्यांचं बरोबर असतं. फेहींनी पहिली रेकॉर्ड १९५९ साली स्वतःच्या टाकोमा लेबलवर जेमतेम शंभर प्रतींची काढली. एका बाजूवर स्वतःचं नाव, दुसरीवर ‘ब्लाइंड जो डेथ’ हे काल्पनिक. तिचा बराचसा भाग त्यांनी १९६४ साली पुन्हा वाजवला आणि १९६७ साली सगळीच रेकॉर्ड स्टिरिओत नव्याने केली. तेव्हा तुलना करण्याआधी ध्वनिमुद्रणाचं साल बघा. जुनं मुद्रण मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज) असेल तर आवाज मधोमध येतो. स्पीकरची वायर तपासत बसू नका.

गिटार शिकणाऱ्यांसाठी : नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये या धुनांपैकी बऱ्याच बसत नाहीत. आधी ओपन सी (मोकळ्या तारा छेडल्या की सी कॉर्ड वाजतो असं ट्यूनिंग) लावून बघा. जाड तारेकडून सी-जी-सी-जी-सी-ई. सहावी तार ई वरून सी वर (चार अर्धस्वर) उतरवा, पाचवी आणि चौथी दोन-दोन अर्धस्वर उतरवा, दुसरी एक अर्धस्वर चढवा. तिसरी व पहिली तशीच. दुसरी तार जुनी, गंजलेली असेल तर तुटते ती हीच, म्हणून हळू चढवा. एकूण ताण कमी झाल्याने मान किंचित हलते आणि आधी लावलेल्या तारा सरकतात. पुन्हा एकदा सगळ्या तपासा. ०.०१२ च्या संचात (हा आकडा सर्वांत बारीक तारेची इंचातली जाडी) सहावी ढिली पडून फ्रेटवर खडखडते, ०.०१३ चा संच घ्या. अंगठ्याचा खर्ज एकसारखा चालला पाहिजे, तो डगमगला की वरची धून कितीही नेमकी असो, काही उरत नाही. ट्यूनर बरोबर दाखवूनही रेकॉर्डिंगशी सूर जुळला नाही तर सगळ्या तारा सारख्याच प्रमाणात चढवा-उतरवा.

सीडी एकाच जागी अडकत असेल तर मऊ कोरड्या कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही. तरीही अडकली तर ट्रॅक क्रमांक आणि मिनिट लिहून घेऊन या, इथल्या प्लेअरवर लावून बघू आणि दोष सीडीचाच निघाला तर बदलून देऊ.