गुप्तरोगांची मोजदाद: दवाखान्यात न येणाऱ्यांचे काय?

‘गुप्तरोग’ हे नाव लाजेपोटी पडले, पण आकडेवारी काढणाऱ्यांनाही ते पटावे. क्लॅमिडिया या जिवाणूजन्य गुप्तरोगाची लागण झालेल्या बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही. त्रास नाही म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून नोंद नाही. मग दवाखान्यातल्या नोंदवहीवरून समाजातले प्रमाण सांगायचे कसे?

१९०६ साली जर्मन शास्त्रज्ञ वासरमन यांची रक्तचाचणी आली आणि लक्षणे नसलेला उपदंशही (सिफिलिस) पकडता येऊ लागला. ब्रिटनच्या गुप्तरोगविषयक शाही आयोगाने १९१६ मध्ये मोठ्या शहरांतल्या किमान १० टक्के लोकांना उपदंशाची बाधा झाली असावी, असे जाहीर केले. आकडा गाजला. मात्र हीच चाचणी हिवताप किंवा कुष्ठरोग असलेल्यांमध्येही फसवी होकारार्थी येऊ शकते.

चाचणीइतकाच घोळ ‘कोणाला तपासले’ यातही असतो. भारतातील एचआयव्हीबाधितांचा अंदाज २००७ साली ५० लाखांहून अधिकवरून सुमारे २५ लाखांवर आला. वर्षभरात निम्मी बाधा ओसरली, असे अर्थातच नव्हे. आधीचे गणित मुख्यतः ठरावीक केंद्रांत येणाऱ्या गरोदर स्त्रिया आणि गुप्तरोगाचे रुग्ण यांच्या रक्तनमुन्यांवर बेतलेले होते. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रथमच घरोघरच्या प्रौढांचे रक्त तपासले गेले.

घरोघर जाणे सोपे नव्हते. ब्रिटनमधल्या लैंगिक वर्तनाच्या पहिल्या मोठ्या पाहणीला थॅचर सरकारने पैसा नाकारला. वेलकम ट्रस्ट या खासगी धर्मादाय संस्थेने तो दिला. पुढे जिवाणूची जनुकीय खूण लघवीतूनच शोधणाऱ्या चाचण्या आल्या, तेव्हा लोकांचा संकोचही कमी झाला. १९९९ ते २००१ च्या दुसऱ्या पाहणीत १८ ते ४४ वयोगटातील २.२ टक्के पुरुषांना आणि १.५ टक्के स्त्रियांना क्लॅमिडिया आढळला.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा ३७ कोटी ४० लाखांचा आकडा मात्र रुग्णांचा नाही. तो १५ ते ४९ वयोगटात वर्षभरात झालेल्या चार बऱ्या होणाऱ्या आजारांच्या नव्या लागणींचा अंदाज आहे. एका वेळी किती जण बाधित, याला लागण सरासरी किती काळ टिकते त्याने भागून तो निघतो. हा काळ थोडा कमी धरला तरी कोट्यवधी लागणी वाढतात. त्यात पुरुषांच्या पाहण्या कमी. जिथे त्या पुरेशा नाहीत, तिथे स्त्रियांमधल्या प्रमाणाला ठरावीक गुणोत्तर लावून पुरुषांचा आकडा काढला जातो.