हवेला पळवाट ठेवू नका

आमची झोपायची खोली दहा बाय दहाची. थंडीत कोपऱ्यावर कुणी पालापाचोळा जाळला की पहाटे घरात खोकला ठरलेला. म्हणून मी पुठ्ठ्याच्या खोक्याचा एअर प्युरिफायर केला. खोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना बाजारात सुटे मिळणारे हेपा (अगदी बारीक कणही अडवणारे) फिल्टर आणि वरच्या बाजूला कॉम्प्युटरचे १२ व्होल्टचे चार पंखे. पंखे फिल्टरमधून हवा ओढतात आणि वर सोडतात.

फिल्टर म्हणजे बारीक चाळणी, असं आपल्याला वाटतं. पण त्याच्या तंतूंमधल्या फटी बऱ्याच कणांपेक्षा मोठ्या असतात. मग कण अडकतात कसे? हवा तंतूला वळसा घालून जाते, पण जड कणाला तसं वळता येत नाही, तो तंतूवर आदळतो. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इकडेतिकडे भरकटतात आणि कुठेतरी तंतूला चिकटतात. साधारण ०.३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण मात्र या दोन्ही सापळ्यांतून निसटू पाहतो. म्हणून हेपाची परीक्षा त्याच आकारावर घेतात, आणि तिथे किमान ९९.९७ टक्के कण अडले पाहिजेत. आपला केस पन्नास-सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा.

आता हवा किती ओढायची? छत नऊ फुटांवर धरलं तर खोलीत ९०० घनफूट हवा. ती तासाला पाच वेळा गाळायची तर मिनिटाला ७५ घनफूट. पंखा मिनिटाला किती हवा ओढतो याचा त्याच्या वेष्टनावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो, फिल्टर लावला की तो बराच खाली येतो. यावर उपाय म्हणजे फिल्टरचं क्षेत्रफळ वाढवणं. अमेरिकेत २०२० मध्ये रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या घरगुती प्युरिफायरच्या खोक्यात हीच युक्ती आहे. चार-पाच फिल्टर जोडले की प्रत्येकातून हवा संथ जाते आणि पंख्यावर ताण येत नाही.

माझा पहिला प्रयत्न मात्र फसला. फिल्टर चांगला होता, चूक माझ्या चिकटपट्टीत होती. पेटलेली उदबत्ती सांध्याजवळून हळूहळू फिरवली, तर एका कोपऱ्यापाशी धुराची सरळ रेघ एकदम वाकली आणि आत खेचली गेली. दोऱ्याएवढी फट! हवा कमी अडथळ्याची वाट धरते, त्यामुळे तिथून न गाळलेली हवा थेट आत शिरत होती. म्हणून मी म्हणेन, महागड्या फिल्टरआधी सांधे बघा. पंख्याच्या कडेवरचा हवेची दिशा दाखवणारा बाणही तपासा, त्याचं टोक खोक्याबाहेर असलं पाहिजे.

हे यंत्र धूळ आणि धुराचे कण पकडतं, वायू नाही. कार्बन मोनॉक्साइड त्यातून सहज पार होतो. त्यामुळे प्युरिफायर आहे म्हणून बंद खोलीत शेगडी पेटवू नका. फिल्टर धुऊ नका, पाण्याने तो निकामी होतो. करडा पडला तरी चालतो. पंखे पूर्ण वेगात असूनही वरचा झोत तळहाताला पहिल्यासारखा लागेनासा झाला, की बदलायचा.